नवी ऊर्जासाधने आणि ती वापरणाऱ्यांचे मत

नवे ऊर्जासाधन खेड्यात येते ते बहुधा पूर्ण तयार होऊनच येते. त्याची मापे प्रयोगशाळेत ठरलेली असतात, किंमत व अनुदान राजधानीत ठरलेले असते, आणि वर्षाकाठी अशी किती साधने बसवावयाची याचे उद्दिष्टही वरून जिल्ह्याकडे व जिल्ह्याकडून तालुक्याकडे उतरत आलेले असते. ज्या घरात ते साधन रोज दोन वेळा पेटवावयाचे, त्या घरातील गृहिणीचे मत विचारले जाते ते अगदी शेवटी, आणि तेही "चूल पसंत आहे ना?" अशा स्वरूपात. साधन बसवून झाल्यावर, ते बसविणारा कारागीर व ग्रामसेवक दारात उभे असताना, या प्रश्नाला "नाही" असे उत्तर सहसा कोणी देत नाही. खरे उत्तर मिळते ते सहा महिन्यांनी. तोवर चुलीचे तोंड फोडून रुंद केलेले असते, धुराडे काजळीने बंद झालेले असते, किंवा नवी चूल आंघोळीचे पाणी तापविण्यापुरती परसात गेलेली असते आणि स्वयंपाकघरात जुनी चूल पुन्हा मांडलेली असते.

‘लोकसहभाग’ हा शब्द शासकीय कागदपत्रांत आता इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ पाहणे आवश्यक झाले आहे. गावकऱ्यांना सभेत माहिती सांगितली, त्यांनी खड्डा खणून दिला, वर्गणी भरली, की सहभाग झाला असे समजले जाते. हा सहभाग उभारणीतला झाला. साधन कोणत्या कामासाठी हवे, त्याचा आकार केवढा असावा, ते कोठे बसावे, कोणते इंधन घ्यावे, बिघडल्यास कोणाला दुरुस्त करता यावे, हे ठरविण्यातला सहभाग वेगळा. या लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकारच्या सहभागाचा, आणि त्यासाठी सर्वांना परिचित असलेल्या चुलीपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

चुलीवरील प्रयोग

आपल्या देशात चूल सुधारण्याचे प्रयत्न स्वातंत्र्याइतके जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबाद येथील इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूररहित स्वयंपाकघराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि मातीची, धुराडे असलेली चूल लोकांपुढे ठेवली. या सर्वांचा मुख्य हेतू धूर घराबाहेर काढावा हा होता. सरपणाची बचत हा विचार नंतरचा. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले, जंगलतोडीची चर्चा सुरू झाली आणि चुलीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आता चूल ही इंधन वाया घालविणारी वस्तू ठरली आणि तिची ‘औष्णिक कार्यक्षमता’ मोजली जाऊ लागली.

ही कार्यक्षमता म्हणजे काय ते एका साध्या हिशेबावरून कळेल. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. पाच लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ३७५ किलोकॅलरी लागतात. लाकडातील सर्व उष्णता पाण्याला मिळाली असती तर शंभर ग्रॅमपेक्षाही कमी लाकडात काम भागले असते. प्रत्यक्षात साध्या मातीच्या चुलीत वा तीन दगडांच्या चुलीत दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, म्हणून साडेनऊशे ग्रॅम लाकूड जळते. चुलीची कार्यक्षमता वीस टक्के केली तर याच कामाला पावणेपाचशे ग्रॅम लाकूड पुरेल. हिशेब बिनचूक आहे. एवढ्याच हिशेबावर देशभराची योजना उभी राहिली.

१९८३ च्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या. मातीच्या स्थिर चुलीची कार्यक्षमता किमान वीस टक्के आणि हलविता येणाऱ्या धातूच्या चुलीची किमान पंचवीस टक्के असावी असा दंडक होता. किमतीचा मोठा भाग अनुदानातून मिळे. चूल बांधणाऱ्या प्रशिक्षित कारागिराला दर चुलीमागे मेहनताना मिळत असे. बसविलेल्या चुलींची संख्या कागदावर चढत गेली. परंतु त्यांपैकी पुष्कळशा चुली दोन-तीन वर्षांत मोडल्या, वापरातून गेल्या किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या गेल्या. मातीच्या चुलीचे आयुष्य मुळातच थोडे असते हे खरे. पण आपली पारंपरिक चूलही मातीचीच असते, ती मोडते, आणि घरातील बाई ती पुन्हा घालते. नवी चूल मोडल्यावर पुन्हा का घातली गेली नाही, हा प्रश्न मातीविषयीचा नाही.

प्रयोगशाळेत न बसणारी भाकरी

चुलीची परीक्षा घेण्याची जी पद्धत रूढ झाली ती पाणी उकळण्याची. सारख्या आकाराची, चांगली वाळलेली लाकडे घ्यावयाची, चुलीच्या तोंडाला बरोबर बसेल असे भांडे ठेवावयाचे, ठरावीक पाणी उकळावयाचे आणि जळलेल्या लाकडाचे वजन करावयाचे. दोन चुलींची तुलना करण्यास ही पद्धत उत्तम आहे. परंतु पाणी उकळणे म्हणजे स्वयंपाक नव्हे.

भाकरीचेच पाहा. ज्वारीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली, की तवा उतरवून किंवा बाजूला सारून ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांपुढे उभी धरतात. तेथे ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. त्यासाठी चुलीचे तोंड रुंद हवे, निखारे पुढे ओढता आले पाहिजेत आणि समोर भाकरी टेकविण्यापुरती जागा हवी. कार्यक्षम चुलीचे तोंड मात्र अरुंद असते. कारण रुंद तोंडातून थंड हवा जास्त शिरते आणि उष्णता वाया जाते. अभियंत्याच्या दृष्टीने तोंड जितके लहान तितके चांगले, गृहिणीच्या दृष्टीने भाकरी शेकता येईल तितके मोठे. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. अडचण एवढीच की चूल आखताना यांपैकी एकच पक्ष खोलीत हजर होता. म्हणून दुसऱ्या पक्षाने आपले म्हणणे नंतर कोयत्याने मांडले.

सरपणाची गोष्ट अशीच आहे. परीक्षेत सारख्या आकाराची लाकडे वापरतात. घरात जळतात त्या तुराट्या, कपाशीच्या पळकाट्या, गोवऱ्या, पावसात भिजलेल्या काटक्या. कोकण-गोव्याकडे झावळ्या, करवंट्या आणि पोफळीची पाने. अरुंद तोंडाच्या चुलीला लाकूड बारीक फोडून द्यावे लागते. ते फोडावयाचे कोणी? कुऱ्हाड चालविणारा पुरुष सकाळी शेतावर गेलेला असतो. लांब लाकूड तसेच चुलीत सरकवून, जळेल तसे पुढे ढकलीत राहण्याची जुनी रीत ही आळसाची नाही. हातात भाकरी थापीत असताना ते लाकूड पायानेही सारता येते.

वैलाचे गणित आणखी सूक्ष्म आहे. पारंपरिक चुलीला शेजारी वैल असतो; त्यावर आमटी वा दूध मंद शेकत राहते. सुधारित चुलीत दुसरे भोक धुराच्या वाटेवरच असते. त्यावर भांडे असेल तोवर सारे ठीक चालते. भांडे उचलले की धूर त्या भोकातून स्वयंपाकघरात येतो आणि धुराड्याचा ओढा मोडतो. म्हणजे दोन्ही भांडी एकाच वेळी चढलेली आणि एकाच वेळी उतरलेली असली पाहिजेत. कोणत्या घरात असा स्वयंपाक होतो?

या संदर्भात बेंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान विभागाने केलेली ‘अस्त्र ओले’ ही चूल लक्षात घेण्याजोगी आहे. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल. एका रांगेत तीन भांडी, खाली जाळी, बंद भट्टी आणि शेवटी धुराडे अशी तिची रचना. प्रयोगशाळेत तिची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली होती, आणि १९८० च्या दशकात कर्नाटकात तिचा मोठा प्रसार झाला. दक्षिण कर्नाटकात नाचणीचे मुद्दे, भात आणि सार हे तिन्ही पदार्थ भांड्यातच शिजतात. तेथे तीन भांड्यांची बंद चूल सोयीची आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर या ज्वारीच्या मुलखात रोजच्या जेवणाचा गाभा तव्यावरचा. एकाच राज्यात, एकाच योजनेखाली, एकच चूल दोन निरनिराळ्या प्रश्नांना सामोरी जाते, आणि हा भेद कोणत्याही औष्णिक कोष्टकात दिसत नाही. तो जेवणाच्या ताटात दिसतो.

धुराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. चुलीचा धूर डोळ्यांना व फुप्फुसांना घातक आहे, आणि चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरची मुले यांना त्याचा सर्वांत अधिक उपद्रव होतो, याविषयी आता शंका उरलेली नाही. तरीही अनेक घरांतून धुराडे नको असे उत्तर मिळते. त्यामागे अज्ञानच असते असे नाही. धुराड्यासाठी कौलात भोक पाडले की पावसाळ्यात तेथून गळते. धुराने वासे काळे होतात तसे ते वाळवीपासून वाचतात. माळ्यावर बांधलेली बियाण्याची कणसे किडीपासून सुरक्षित राहतात. धुराडे बसविताना गळती कशी थांबवावी आणि बियाणे कोठे टांगावे, या दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर आणणाऱ्याला घरात प्रवेश लवकर मिळतो.

कार्यक्रमाच्या उत्तरार्धात काही ठिकाणी वेगळी वाट धरली गेली. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानविषयक संस्थेने ‘लक्ष्मी’ नावाची दोन भांड्यांची चूल साच्यावरून घडविण्याची पद्धत बसविली. साचा असल्यामुळे आतील मोजमापे कायम राहतात आणि कारागिराला दर वेळी पट्टी घेऊन बसावे लागत नाही. चुली घडविण्याचे व विकण्याचे काम ग्रामीण कारागिरांकडे आल्याचा लाभ केवळ रोजगारापुरता नव्हता. गिऱ्हाईक कुंभाराला बाजारात तोंडावर सांगू शकते की मागच्या चुलीचा हा भाग तडकला, हा भाग आखूड पडला. कार्यालयाला असे सांगण्यासाठी अर्ज लिहावा लागतो.

पुरा गावातील पाणी

चुलीच्या बाबतीत प्रश्न आकाराचा होता. कधीकधी चूक त्याहून मुळाशी असते; साधन उत्तम असते, पण ते ज्या गरजेसाठी आणले ती गरजच गावाने पुढे केलेली नसते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यात पुरा नावाचे लहान गाव आहे. लोकसंख्या त्या वेळी सुमारे पाचशे. प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या नेतृत्वाखालील ‘अस्त्र’च्या शास्त्रज्ञांनी या गावाच्या ऊर्जेचा बारकाईने अभ्यास केला होता: कोण किती सरपण आणते, किती अंतर चालते, कोणत्या कामाला किती तास जातात. सरपण हा ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग आहे असे त्यातून दिसले आणि साहजिकच गावासाठी सामुदायिक गोबरगॅस संयंत्र स्वयंपाकासाठी उभारावे असे ठरले.

ही योजना रुजली नाही. सर्व घरांच्या स्वयंपाकाला पुरेल इतका गॅस गावातील शेणातून निघत नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके होते. गावातील सरपणाला पैसे पडत नव्हते. ते गोळा करण्यात श्रम जात. परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूऐवजी शेणासारखी मोलाची वस्तू सामाईक टाकीत घालण्यास लोक राजी नव्हते. मग गावाला आधी काय हवे आहे हे नव्याने विचारण्यात आले. उत्तर होते पिण्याचे पाणी.

त्यानंतर संपूर्ण योजना फिरविण्यात आली. संयंत्र तेच, शेण तेच. पण गॅस चुलीकडे न नेता डिझेल इंजिनाकडे नेला. हे इंजिन गॅस व थोडे डिझेल यांवर चाले, त्यावर सुमारे पाच किलोवॅटचे विद्युत्‌जनित्र फिरे, आणि त्या विजेवर खोल विंधण विहिरीवरील पंप चालून गावात नळ आले. शिवाय घरोघरी नळदिवे लागले. सप्टेंबर १९८७ पासून ही व्यवस्था सुरू झाली. स्वयंपाकासाठी जो गॅस अपुरा होता, तोच पाणी व दिवे यांना पुरून उरला.

शेणाविषयीची धास्ती मात्र शिल्लक होती. शेण म्हणजे शेतकऱ्याचे खत. टाकीत घातलेले शेण परत मिळाले नाही तर? संयंत्रातून बाहेर पडणारी मळी पातळ असते. ती डोक्यावरून शेतावर नेणे अवघड. म्हणून वाळूचे गाळणथर बांधण्यात आले. त्यांवर मळी ओतली की पाणी निथळून जाई आणि वर राहिलेला गाळ ताज्या शेणाइतका घट्ट होई. निथळलेले पाणी पुढच्या दिवशीचे शेण कालविण्यास उपयोगी पडे. ज्याने जितके शेण दिले त्याला त्या प्रमाणात गाळ परत, आणि शेण आणून देण्याचा थोडा मोबदला, असा नियम ठरला. शेण आणणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले अधिक असत, त्यामुळे हा मोबदला त्यांच्या हाती पडे. शेण किती आले, किती गाळ परत गेला, याची नोंद रोज होई. हे गाळणथर आणि ही नोंदवही हे दोन्ही भाग कोणत्याही मूळ आराखड्यात नव्हते. गावाच्या धास्तीतून ते जन्मले, आणि इंजिनाइतकेच महत्त्वाचे ठरले.

सामाईक वस्तूची कोणी काळजी घेत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुऱ्यात याचा उलटा अनुभव आला. एखाद्याने शेण देण्याचे थांबविले तर पाणी त्याच्याही घरचे बंद पडणार होते, आणि शेजाऱ्यांना ते लगेच कळणार होते. ही व्यवस्था सुमारे दशकभर चालली. ती कायमची टिकली नाही, ही गोष्टही सांगावयास हवी. परंतु त्या काळातील किती ग्रामीण ऊर्जा संयंत्रे दहा वर्षे अखंड चालली याची यादी केल्यास ती फार लांब होणार नाही.

सुताराची पवनचक्की

यंत्र जितके मोठे व अवघड, तितका सामान्य माणसाचा त्याच्या रचनेशी संबंध कमी, असा समज असतो. डेन्मार्क या लहानशा देशातील पवनचक्क्यांचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. तेथे योहानेस यूल या अभियंत्याने १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची, दोनशे किलोवॅटची पवनचक्की उभारली. ती १९६७ पर्यंत चालली. तेल स्वस्त असल्यामुळे पुढे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर क्रिस्तियन रीसागर नावाच्या सुताराने त्याच धर्तीवर लहान चक्की बनविली आणि ती वीजवाहिनीला जोडली. ट्विंड येथील शाळांतील शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवकांनी १९७५ ते १९७८ या काळात स्वतःच्या हातांनी दोन मेगावॅटची प्रचंड चक्की उभी केली. लोहार, शेतीची अवजारे बनविणारे कारखानदार, शेतकरी यांनी चक्क्या बनविण्यास व विकत घेण्यास आरंभ केला.

आरंभीच्या चक्क्या वादळात मोडत. पाते सुटून दूर जाऊन पडे. १९७८ मध्ये चक्कीमालकांनी आपला संघ स्थापन केला आणि एक साधी गोष्ट केली: प्रत्येक मालकाने आपल्या चक्कीने महिन्यात किती वीज दिली आणि काय बिघडले हे कळवावे, आणि ते सर्व संघाच्या मासिकात कारखान्याच्या नावानिशी छापावे. पुढची चक्की विकत घेणारा शेतकरी हे आकडे वाचूनच कारखान्याकडे जाई. चक्की अतिवेगाने फिरू लागल्यास ती थांबविणारी, एकमेकींवर अवलंबून नसलेली दुसरी रोधक यंत्रणा असलीच पाहिजे, हा आग्रह मालकांनीच धरला. रिसो येथे १९७८ मध्ये शासनाचे परीक्षण केंद्र निघाले, आणि १९७९ पासून त्या केंद्राने मान्य केलेल्या चक्कीलाच किमतीच्या तीस टक्के अनुदान मिळू लागले. अनुदान चांगल्या रचनेला बांधले गेले आणि चांगली रचना कोणती हे वापरणाऱ्यांच्या अनुभवावरून ठरत गेले.

याच सुमारास जर्मनीने मोठ्या संस्थांच्या बळावर ‘ग्रोव्हियान’ ही तीन मेगावॅटची चक्की बांधली; तिच्या चक्राचा व्यास शंभर मीटर होता. १९८३ मध्ये ती सुरू झाली, १९८७ मध्ये बंद झाली, आणि एवढ्या काळात ती पाचशे तासही चालली नाही. हुशारीची उणीव तेथे नव्हती. पण एका चक्कीपासून जे शिकता येते ते शेकडो लहान चक्क्यांच्या शेकडो तक्रारखोर मालकांपासून शिकता येते त्यापेक्षा फार थोडे असते.

‘खरी’ वीज

सौर ऊर्जेच्या काळात हा प्रश्न मिटला असे समजण्याचे कारण नाही. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावात २०१४ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेच्या पुढाकाराने शंभर किलोवॅटचे सौर विद्युत्‌केंद्र उभे राहिले. तीन दशके अंधारात असलेल्या गावात दिवे लागले, त्याचा सर्वत्र गौरव झाला. त्याच वर्षी राज्यातील एक ज्येष्ठ नेते गावाला भेट देण्यास आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. सौर विजेवर शीतकपाटे वा जड यंत्रे चालविण्यास मनाई होती, आणि तिचा दरही राज्याच्या अनुदानित विजेपेक्षा जास्त होता. लवकरच सरकारी वीज आली, आणि काही वर्षांत सौर केंद्र बंद पडले. गावाला किती वीज ‘पुरेशी’ आहे हे ठरविताना दिवे व मोबाईल यांचा हिशेब झाला होता. उद्याच्या शीतकपाटाचा झाला नव्हता. गरीब माणसाची गरज आजच्या मापाने मोजली, तर त्याची आकांक्षा मोजमापाबाहेर राहते, आणि शेवटी तीच निर्णय करते.

स्वयंपाकाच्या गॅसचेही थोडेफार असेच आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला, आणि धुरापासून सुटकेचा तो आजवरचा सर्वांत मोठा प्रयत्न होय. तरीही असंख्य घरांत गॅस आणि चूल शेजारी शेजारी नांदतात. चहा, पाहुण्यांचे पोहे, घाईची भाजी गॅसवर. भाकऱ्या, जनावरांचे खाद्य आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडरची किंमत हे त्याचे मोठे कारण आहेच. म्हणून चुलीची सुधारणा हा विषय अजून कालबाह्य झालेला नाही.

शाळा व पंचायतींना करता येण्याजोगी पाहणी

गावात नवी चूल, गोबरगॅस किंवा सौर साधन आणण्यापूर्वी ग्रामसभा घेतली जाते. ती बहुधा सकाळी अकराला, पंचायतीच्या कार्यालयात भरते. ज्यांचे मत हवे त्या त्या वेळी रानात किंवा पाणवठ्यावर असतात. त्यापेक्षा पाच-सात घरांतून परवानगीने एक पूर्ण स्वयंपाक, चूल पेटविल्यापासून ती विझेपर्यंत, शांतपणे पाहणे अधिक उपयुक्त आहे. या कामी शिक्षिका व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य घ्यावे. प्रश्न कमी विचारावेत. भांडी कोणत्या क्रमाने चढतात, लाकूड कोण आणि केव्हा सारते, मूल कोठे बसते, एवढे टिपले तरी पुरे.

त्यानंतर सरपणाचे मोजमाप. यासाठी एक काट्याचा तराजू व वही एवढेच साहित्य लागते आणि आठवी-नववीचे विद्यार्थी ते उत्तम रीतीने करू शकतात. सकाळी घरातील सरपणाचा भारा तोलून ठेवावा व दिवसभर त्यातूनच लाकूड घेण्याची विनंती करावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेला भारा तोलावा. असे सात दिवस करावे. किती माणसे जेवली हे रोज लिहावे. तुलनेसाठी जेवणाऱ्यांचे ‘प्रमाण प्रौढ’ करण्याची रीत आहे: पंधरा ते एकोणसाठ वर्षांचा पुरुष १, त्याहून वृद्ध पुरुष ०.८, चौदा वर्षांवरील स्त्री ०.८ आणि चौदा वर्षांपर्यंतचे मूल ०.५. (रोपे लावून आलेल्या बाईला बसून राहणाऱ्या पुरुषापेक्षा कमी भूक लागते, हे या कोष्टकाने कोणाला विचारून ठरविले ते कळत नाही, पण तुलना होण्यासाठी सर्वांनी एकच कोष्टक वापरणे भाग आहे.) समजा, एका घरात कर्ता पुरुष, त्याचे साठी उलटलेले वडील, दोन स्त्रिया आणि तीन मुले आहेत. त्यांची बेरीज १ + ०.८ + १.६ + १.५, म्हणजे ४.९ होईल. त्या घरात दिवसाला ९.८ किलो सरपण जळत असेल, तर माणशी खर्च दोन किलो झाला.

नवी चूल बसविल्यानंतर लगेच मोजमाप करू नये; हात बसण्यास तीन-चार आठवडे द्यावेत. दोन्ही मोजमापे एकाच ऋतूत व्हावीत, कारण पावसाळ्यातील ओले लाकूड उन्हाळ्यातील लाकडाशी तोलता येत नाही. लग्नकार्य वा पाहुणे असलेला आठवडा वगळावा. जुनी चूलही अधूनमधून पेटत असेल तर ते लपविण्याजोगे काही नाही असे घरच्यांना सांगून तीही नोंद घ्यावी.

वहीत आणखी एक रकाना ठेवावा: चुलीत घरच्यांनी केलेले बदल. तोंड रुंद केले असल्यास त्याची मूळ रुंदी व आताची रुंदी पट्टीने मोजून लिहावी. जाळी काढली असल्यास ती का काढली, वैलाचे भोक लिंपले असल्यास केव्हा लिंपले, धुराडे शेवटचे कोणी साफ केले, हेही लिहावे. त्या बदललेल्या चुलीचे साधे रेखाचित्र काढावे व त्यावर मापे घालावीत. चूल पूर्ववत करण्यास घरच्यांना सांगू नये. बदललेल्या स्थितीतच तिचे सात दिवसांचे मोजमाप पूर्ण करावे, आणि ते आकडे रेखाचित्रासह, चूल ज्यांनी आखली त्या केंद्राकडे पंचायतीच्या सही-शिक्क्यानिशी पाठवावेत.